बाळंतिणीला काय विचारायचे?

प्रश्नपत्रिका कशी तपासावी हे शिक्षकांना सांगायला नको. एखादा प्रश्न फार सोपा असतो, एखादा अभ्यासक्रमाबाहेरचा, एखाद्याचे उत्तर प्रश्नातच दडलेले असते. हे दोष वाचताक्षणी दिसतात. न दिसणारा दोष वेगळाच असतो: जे विचारायला हवे होते ते विचारलेलेच नसते. आमचे स्वतःचे काम प्रयोगशाळेतले. मोजमापाची साधने तपासून पाहणे हा त्यातला रोजचा भाग. त्यामुळे या लेखात आम्ही दोन प्रश्नपत्रिका तपासायला घेतल्या आहेत. एक आपल्या गावातल्या आशाताईंच्या पिशवीत असते. दुसरी स्कॉटलंडमध्ये तयार झाली आणि जगभर वापरली जाते. दोन्हींचा संबंध एकाच व्यक्तीशी आहे, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईशी.

निमित्त झाले ते दिंद्रुडचे. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या या गावी शिक्षकांशी 'मोजमाप' या विषयावर गप्पा मारायला आम्ही दिवाळीच्या थोडे आधी गेलो होतो. त्या दिवसांत या भागात एक वेगळीच घाई असते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी बांधायला लागलेली असतात, आणि दिवाळीनंतर कोणत्या वर्गात किती मुले उरतील याचा हिशेब शिक्षक मनातल्या मनात करीत असतात. चहाच्या वेळी एका आशाताईंशी ओळख झाली. मोजमापाचा विषय आहे म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून नवजात बाळाच्या गृहभेटीचा फॉर्म काढला आणि विचारले, "हे बी मोजमापच की?"

होय, हे मोजमापच. देशभर २०११ पासून ही योजना चालू आहे. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक भेट. बाळाचे वजन, तापमान, नाळ, अंगावर फोड, दूध ओढण्याची ताकद, रडण्याचा आवाज, हातापायांचा ढिलेपणा असे सारे त्या पाहतात. आईविषयीही प्रश्न आहेत. चोवीस तासांत ती किती वेळा पोटभर जेवली? दिवसातून किती पॅड बदलावे लागले? ताप आहे का? अंगावरून वास येणारा स्राव जातो का? दूध कमी वाटते का? आणि यांच्यामध्येच एक प्रश्न आहे, त्याचा आशय असा: आई असंबद्ध बोलते का, किंवा तिला झटके येतात का? उत्तर 'होय' आले तर तिला दवाखान्यात पाठवायचे.

आईच्या मनाशी या फॉर्मचा संबंध येतो तो एवढ्या एका ओळीत. खरे तर अर्ध्याच ओळीत, कारण उरलेली अर्धी झटक्यांसाठी आहे.

आम्ही आशाताईंना विचारले, "एखादी बाई नुसती गप्प बसलेली असेल तर काय लिहिता?"

"बडबड करीत नाही म्हणल्यावर 'नाही'च लिहावं लागतंय," त्या म्हणाल्या. चहा संपवून कप खाली ठेवताना पुढे म्हणाल्या, "पण मला भ्या गप बसणारीचंच वाटतंय."

हा लेख त्या वाक्यातून निघाला आहे.

या फॉर्मवर टीका करण्याआधी त्याचे मोल सांगितले पाहिजे. अशा गृहभेटींची कल्पना महाराष्ट्रातच रुजली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला होता. डॉक्टर नसलेली, गावातलीच, थोडे शिकलेली बाई हातात घड्याळ, थर्मामीटर आणि साधा तक्ता घेऊन जीव वाचवू शकते, हे त्याने दाखवले. तेव्हा आजच्या फॉर्ममध्ये बाळाविषयीचे प्रश्न जास्त आहेत याचे कारण उघड आहे. हे साधन बाळाचा मृत्यू टाळण्यासाठी घडवलेले आहे, आणि त्या कामाला ते चोख आहे.

असंबद्ध बोलण्याचा तो प्रश्नही चुकीचा नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत दर हजारी एकदोन स्त्रियांना तीव्र मनोविकार होतो. त्याला मनोविकारतज्ज्ञ प्रसूतीनंतरची सायकोसिस म्हणतात. झोप उडते, भास होतात, भलतेच संशय येतात, वागणे क्षणाक्षणाला बदलते. ही तातडीची वेळ असते, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. जंतुसंसर्गाचा ताप डोक्यात गेल्यानेही बाई बरळू शकते, आणि झटके येणे हे रक्तदाब भयंकर वाढल्याचे लक्षण असू शकते. म्हणजे ती एक ओळ तीन गंभीर आजार पकडते. अडचण अशी की हजारात एकदोघींना होणारा आजार पकडणारी ही जाळी शंभरात वीसबावीस जणींना होणारा आजार सोडून देते.

हा दुसरा आजार म्हणजे बाळंतपणानंतरचे नैराश्य. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांची, म्हणजे एकूण वीस हजारांवर मातांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक आढावा आला. त्यात हे प्रमाण २२ टक्के निघाले. वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे बरेच वरखाली आहेत. तरीही पाचात एक हा अंदाज धरून चालायला हरकत नाही. या बाईचे बोलणे असंबद्ध नसते. बहुधा ती बोलतच नाही. ती स्वयंपाक करते, बाळाला पाजते, पाहुणा आला तर पदर सावरून बसते. आतून मात्र सारे विझलेले असते. आपण नालायक आई आहोत असे तिला वाटत राहते. बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही याची तिला लाज वाटते, आणि ती लाज तर कोणालाच सांगता येत नाही.

यात आणखी एक गोंधळ होतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून जास्त बायकांना विनाकारण रडू येते, चिडचिड होते. हे दहापंधरा दिवसांत आपोआप ओसरते. त्याला आजार म्हणायचे कारण नाही. घरातल्या मोठ्या बायकांना हे अनुभवाने ठाऊक असते, म्हणून त्या "होतं असं" म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे असते, पण दोन आठवड्यांपुरते. महिना झाला, दीड महिना झाला, तरी "होतं असं" म्हणणे चालूच राहिले तर मात्र ते चुकते.

'हार्मोन्सचा खेळ'

शहरी शिकलेल्या घरांत "होतं असं" ऐवजी "हार्मोन्समुळे होतं" असे म्हणतात. हे अधिक शास्त्रीय वाटते खरे, पण कितपत बरोबर आहे? इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही नावे दहावीच्या मुलांना मासिक पाळीच्या धड्यातून माहीत असतात. गर्भारपणात या दोन्हींची पातळी कितीतरी पटींनी वाढते. त्यांचा मोठा पुरवठा वार करते. वार पडली की पुरवठा बंद होतो आणि काही दिवसांतच दोन्ही झपाट्याने उतरतात. हे प्रत्येक बाळंतिणीत घडते. मग नैराश्य पाचातल्या एकीलाच का?

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग येथे उपयोगी आहे. गर्भार नसलेल्या १६ स्त्रियांना औषधे देऊन त्यांच्या शरीरात या दोन हार्मोन्सची पातळी गर्भारपणासारखी वाढवली आणि मग ती एकदम बंद केली. म्हणजे बाळाशिवायचे बाळंतपणच. यांपैकी आठ जणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलेले होते, आठ जणींना नव्हते. पहिल्या गटातल्या पाच जणींचे मन पुन्हा खचले. दुसऱ्या गटात एकीचेही नाही. हार्मोन्सचा उतार सर्वांना सारखाच मिळाला होता, पण काहींचे मेंदू त्याला अधिक हळवे होते. प्रयोग फक्त सोळा जणींचा, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभारू नये. एवढे मात्र दिसते की हार्मोन्सना अर्थ आहे, पण ती एकटी पुरी पडत नाहीत. बाकीचा भाग बाईच्या आयुष्यात शोधावा लागतो.

तो शोध मराठी मुलखाला लागूनच, गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी उत्तर गोव्यातील एका सरकारी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत गाठले आणि बाळंतपणानंतर सहाआठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी भेटले. २००२ मध्ये निष्कर्ष आले. सहाआठ आठवड्यांच्या भेटीत ५९ जणींना, म्हणजे २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतल्या तीनचतुर्थांशांहून अधिक जणींचे मन गर्भारपणातच बिघडलेले होते, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे 'बाळंतपणानंतरचे' हे विशेषणच अपुरे आहे. आजार पुष्कळदा आधी सुरू होतो. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी असलेले वाईट संबंध होते, आणि मुलगी होणे होते. मुलगा हवा असताना मुलगी झाली की इतर सगळ्या कारणांचा भार वाढत होता.

येथे बीडकडे परत यावे लागते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. २००१ साली हाच आकडा ८९४ होता. हे आकडे आपण गर्भलिंगनिदानाच्या संदर्भात अनेकदा वाचले आहेत. पण ज्या ८०७ जन्मल्या आणि जगल्या त्यांच्या आयांचे काय? दुसरी किंवा तिसरी मुलगी झालेल्या बाईच्या खोलीत पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते, पण पेढे कोणी वाटत नाही. आकड्यांत न दिसणारी ही बाजू आहे. गोव्याचा अभ्यास बीडला जसाच्या तसा लावता येणार नाही हे आम्हाला मान्य आहे. तेथील गरिबी वेगळी, दवाखान्याचे अंतर वेगळे. पण बीडमध्ये परिस्थिती त्याहून बरी असेल असे मानायला काही आधार सापडत नाही.

एका कागदावरचे दहा प्रश्न

आता दुसरी प्रश्नपत्रिका. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही मोजपट्टी एडिंबरो शहराच्या नावाने ओळखली जाते. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांविषयीचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. तेरा किंवा अधिक गुण पडले तर पुढे नीट तपासणी करायची, असा मूळ संकेत.

ही प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचे डोके एका गोष्टीत फार चांगले चालले आहे. नैराश्याच्या नेहमीच्या मोजपट्ट्यांत थकवा, झोप न येणे, वजन घटणे यांना गुण असतात. बाळंतीण तर थकलेलीच असते, आणि बाळ तिला झोपू देत नाही. ही लक्षणे मोजली तर प्रत्येकच आई आजारी ठरेल. म्हणून या तिघांनी शारीरिक तक्रारी जवळजवळ वगळल्या. झोपेचा प्रश्न ठेवला, पण तो असा घातला की दुःखामुळे झोप येत नाही का एवढेच विचारले जावे. बाळ झोपलेले असतानाही जिला झोप लागत नाही, तीच यात सापडते. प्रश्न काढणे म्हणजे काय, हे शिकवायला हे उत्तम उदाहरण आहे.

पण नेमकी हीच सुधारणा आपल्याकडे अडचणीची ठरते. आपल्याकडे दुःख शरीराच्या भाषेत बोलते. "अंगात ताकद राहिली नाही," "कंबर गेली," "डोकं भणभणतंय," "छातीत धडधडतंय," "अंगावरून पांढरं जातंय" अशा तक्रारींनी बाई दवाखान्याची पायरी चढते. मन दुखते म्हणून कोणी चढत नाही. शारीरिक तक्रारी वगळलेल्या मोजपट्टीतून अशी बाई निसटू शकते. उलट प्रत्येक अंगदुखीला मनाचे दुखणे ठरवणे हाही तितकाच अन्याय आहे, कारण आपल्याकडच्या निम्म्या बाळंतिणींच्या अंगात खरोखरच रक्त कमी असते. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार हुबेहूब नैराश्यासारखे दिसू शकतात. म्हणून हिमोग्लोबिन तपासल्यावाचून मनाचे निदान करू नये.

शरीराच्या तक्रारीला चुकीचे उत्तर मिळाले तर काय होते हे बीडने पाहिले आहे. जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढल्याची माहिती जून २०१९ मध्ये विधिमंडळात देण्यात आली, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. यांत ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची मोठी संख्या होती. त्यामागे पैशाची, खाड्याची, पाळीत होणाऱ्या हालांची कारणे आहेत, आणि ती इतरत्र पुष्कळ लिहिली गेली आहेत. आम्हाला येथे एवढेच म्हणायचे आहे की कंबरदुखी, पांढरे जाणे, अशक्तपणा या तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला 'पिशवी काढा' हे उत्तर जितक्या सहज मिळाले, तितक्या सहज "तुला कसे वाटते?" हा प्रश्न विचारला गेला असेल असे वाटत नाही.

मोजपट्टीतला दुसरा दोष भाषांतराचा. सहाव्या प्रश्नात इंग्रजीतला एक वाक्प्रचार आहे. त्याचा शब्दशः अर्थ, सगळ्या गोष्टी माझ्या डोक्यावर चढून बसल्या आहेत, असा होतो. मराठीत 'डोक्यावर चढून बसणे' म्हणजे लाडावणे किंवा उर्मट होणे! भाषांतरकाराने डोळे मिटून काम केले तर बाई म्हणेल, "होय, थोरला पोरगा बसलाय चढून," आणि तिला तीन गुण मिळतील. गोव्याच्या अभ्यासात कोकणी भाषांतर वापरले, ते खऱ्या मातांवर पडताळले, आणि सीमारेषा तेराऐवजी बारा गुणांवर आणावी लागली. प्रश्न तेच, पण उत्तीर्ण होण्याचे गुण गावागणिक बदलतात, ही गोष्ट शिक्षकांच्या ध्यानात चटकन यावी.

तिसरी गोष्ट दोष नाही, चाळणीचा स्वभाव आहे. फळ्यावर करता येईल असे एक गणित पाहू. समजा २०० माता आहेत आणि त्यांतल्या ४० जणींना खरोखर नैराश्य आहे. चाळणी आजारी बायकांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी बायकांपैकी ८५ टक्क्यांना बरोबर सोडून देते, असे धरू. चाळीसपैकी ३६ जणी सापडतील. उरलेल्या १६० निरोगी बायकांपैकी १५ टक्के, म्हणजे २४ जणी विनाकारण अडकतील. एकूण ६० जणींना 'संशयित' म्हटले जाईल, त्यांतल्या ३६ खऱ्या. म्हणजे दर पाच संशयितांत दोन जणींना काहीच झालेले नसेल, आणि चार आजारी बायका निसटलेल्या असतील. आता हाच आजार शंभरात पाच जणींनाच होतो असे धरून मुलांना पुन्हा गणित करायला सांगा. २०० पैकी १० आजारी. सापडल्या ९, विनाकारण अडकल्या २८ किंवा २९. चाळणी तीच, पण तिच्या 'होय'ची किंमत पार घसरली. म्हणून चाळणी लावणे म्हणजे निदान करणे नव्हे, आणि 'संशयित' हा शब्द गावात फुटता कामा नये.

येथे एका तिसऱ्याच प्रकारच्या लिखाणाविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. गर्भसंस्कारांच्या नावाने मराठीत पुस्तकांचा आणि शिबिरांचा पूर आलेला आहे. त्यांत गर्भवतीने सदैव आनंदी राहावे, दुःखाचा विचारही मनात आणू नये, नाहीतर बाळावर परिणाम होतो, असे बजावलेले असते. आईच्या दीर्घकाळ चाललेल्या मानसिक त्रासाचा बाळावर परिणाम होतो हे खरे आहे. गोव्यातल्याच मातांच्या बाळांचा अभ्यास २००३ मध्ये आला. नैराश्य असलेल्या मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाला आणि उंचीला मागे पडण्याचे प्रमाण जास्त होते. पण यातून 'आनंदी राहा' असा हुकूम कसा निघतो? ताप आलेल्या माणसाला 'गार राहा' म्हणून सांगण्यासारखे ते झाले. असा उपदेश वाचलेली बाई उदास झाली तर तिला दोन दुःखे होतात: एक मूळचे, दुसरे आपण बाळाचे नुकसान करतो आहोत याचे. दुसरे दुःख पुस्तकाने दिलेले असते.

जुन्या रीतींत यापेक्षा शहाणपण होते असे म्हणावेसे वाटते. डोहाळे पुरवणे म्हणजे काय? सातआठ महिन्यांच्या बाईला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, "तुला काय हवे?" असे सगळे घर विचारते. बाळंतपणासाठी माहेरी जाणे, सव्वा महिना विश्रांती, न्हाऊमाखू, शेक, यांत आधाराची सोय होती. अर्थात सगळे सोन्यासारखे नव्हते. धुराने भरलेली अंधारी खोली आणि विटाळाचे नियमही तेथेच होते. शिवाय प्रश्न विचारणे बाळ जन्मल्यावर एकदम थांबते. त्यानंतर येणारा प्रत्येक जण बाळाविषयी विचारतो. आशाताईंचा फॉर्मही तेच करतो.

आणि ज्यांना सव्वा महिना मिळतच नाही त्यांचे काय? ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी. बाई गेली नाही तर तो अर्धा कोयता होतो, उचलही अर्धी. त्यामुळे दिवस भरत आलेली बाईही गाडीत बसते. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत बाळंतपण होते, आणि थोड्याच दिवसांत बाई पुन्हा मोळ्या बांधायला लागते. फडावर दिंद्रुडच्या आशाताई नसतात. तिसरा दिवस, सातवा दिवस, चौदावा दिवस, सगळे रकाने कोरे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी गेली तरी हेच होते. माहेरच्या आशाताई तिला सासरची समजतात आणि सासरच्या माहेरी गेलेली. त्यात आईच लहान असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के. म्हणजे आज नववीत समोर बसलेली मुलगी तीनचार वर्षांत या फॉर्मवरचे नाव असू शकते. वर्गात हा विषय काढायला संकोच वाटत असेल तर हा आकडा जरूर आठवावा.

विचारून पुढे काय?

"बाई म्हणाली, होय, मला जगावंसं वाटत नाही. मग म्या काय करू?" आशाताईंचा हा प्रश्न आमच्या सगळ्या टीकेपेक्षा वजनदार होता. उत्तराची सोय नसताना प्रश्न विचारू नये, हे आम्हालाही पटते.

काही उत्तरे आहेत. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी आपल्या आशाताईंसारख्याच 'लेडी हेल्थ वर्कर' स्त्रियांना बोलण्याची एक पद्धत शिकवली. मनात येणारा काळा विचार ओळखायचा, तो तपासायचा, त्याच्या जागी दुसरा ठेवायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत एक छोटे काम करून पाहायचे. २००८ मध्ये निष्कर्ष आले. ९०३ गर्भवती या प्रयोगात होत्या, सगळ्यांना नैराश्य होते. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा ही पद्धत मिळालेल्यांपैकी २३ टक्के मातांना नैराश्य उरले होते, नुसत्याच भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्क्यांना. गोव्यात पुढे हीच पद्धत कोणत्याही आरोग्यखात्यात नसलेल्या साध्या गावकरी स्त्रियांनी वापरून पाहिली. त्यांना 'सखी' म्हटले गेले. २८० गर्भवतींवरचा तो प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी सखी मिळालेल्यांपैकी ७३ टक्के बऱ्या झालेल्या होत्या, न मिळालेल्यांपैकी ६० टक्के. फरक आहे, पण रावळपिंडीइतका डोळ्यांत भरणारा नाही, आणि लक्षणांच्या तीव्रतेच्या सरासरीत तर ठळक फरक दिसला नाही. प्रचारपत्रकांत हे दुसरे वाक्य गाळले जाते, म्हणून येथे मुद्दाम लिहिले. सखी न मिळालेल्या गटातही ६० टक्के बऱ्या झाल्या, हे आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. त्या गटातल्या बायकांनाही आपल्याला काय होते आहे हे सांगितले गेले होते आणि त्यांच्या डॉक्टरांनाही कळवले होते.

तेव्हा आशाताईंना डॉक्टर व्हायचे नाही. आयुष्मान भारत योजनेखाली गावच्या आरोग्य केंद्राच्या कामांत मानसिक आरोग्याचा समावेश आहे. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही मिळते. फडावरून, कोपीतूनही हा क्रमांक लागतो. बाईने जीव देण्याविषयी किंवा बाळाला इजा करण्याविषयी बोलणे काढले तर तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. असे विचारल्याने तिच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकींना कोणी विचारले याचाच आधार वाटतो. दवाखान्यात दाखल केले म्हणजे बाळ तुटेल या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगावे की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी वेगळे करता येत नाही.

भेटींची सोयही नव्याने करायची नाही. २०१८ पासून बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताईंच्या आणखी पाच भेटी ठरलेल्या आहेत. कारखाने बंद होऊन माणसे गावी परततात तेव्हा यांतली एखादी तरी भेट साधता येते. या भेटींत आईसाठी दोन प्रश्न घालावेत एवढीच आमची सूचना आहे. मेरी व्हूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले होते की खचलेपणा आणि कशातच रस न वाटणे, या दोनच गोष्टी विचारल्या तरी चाळणीचे बरेचसे काम होते. दहा प्रश्नांच्या कागदापेक्षा हे दोन प्रश्न निरक्षर बाईला तोंडी विचारणे सोपे. फक्त ते सासूबाईंच्या देखत विचारू नयेत. बाळाचे वजन करायला बाहेर घेऊन जायला सांगितले तर पाच मिनिटे मिळतात, ही युक्ती आशाताईंचीच.

मग आम्ही आणि तेथले चारपाच शिक्षक ते दोन प्रश्न मराठीत करायला बसलो. 'उदास' हा आमचा शब्द लगेच बाद झाला. उदास पुस्तकात असतात, दिंद्रुडात कोणी नसते. 'टेन्शन' चालेल, पण ते तर सगळ्यांनाच असते. "काही गोड लागत नाही" हे जेवणाविषयी समजले जाईल का, यावर बराच वाद झाला. शेवटी एक बाई म्हणाल्या, "करमतंय का, असं विचारा की."

शब्द फार चांगला आहे. मन रमणे, वेळ जाणे, जागा आपली वाटणे, हे सगळे 'करमणे' या एका क्रियापदात येते. एडिंबरोच्या कागदावर याला जोड नाही. पण त्याच बाईंनी त्यातली खोचही दाखवली. हाच प्रश्न नव्या नवरीला सासरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि त्याचे उत्तर ठरलेले आहे: "हो, करमतंय." म्हणजे प्रश्न परिचयाचा, पण उत्तर पाठ केलेले. यावर एकीने सुचवले की "रातच्याला बाळ झोपल्यावर तू काय करतीस?" असे विचारावे, आणि उत्तर कानांनी न ऐकता डोळ्यांनी ऐकावे. दुसऱ्या एका सरांचे मत पडले की मग त्याला गुण कसे देणार?

त्यांचा आक्षेप रास्त आहे. एखादा प्रश्न चांगला वाटतो म्हणून तो चांगला ठरत नाही. शंभरएक मातांना तो विचारून, त्याच मातांची मनोविकारतज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करून, दोन्ही उत्तरे जुळतात का हे पाहावे लागेल. गोव्यात कोकणीसाठी हे काम झाले. माजलगावच्या बोलीसाठी ते करायचे तर कारखान्यांचा हंगाम संपून माणसे परत आल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत करावे लागेल, आणि त्या वेळी शाळांना सुट्या असतात. हाती असलेल्या प्रश्नांची यादी आम्ही आशाताईंकडे ठेवून आलो. त्यात 'उदास' खोडलेला आहे.